ना नफा, ना तोटा

पाकिटातून निघतो तो नुसता हिरवा तुकडा. काचेचे तंतू आणि इपॉक्सी यांची दीड-एक मिलिमीटर जाडीची पाटी, दोन्ही अंगांना तांब्याच्या बारीक रेघा, काहीशे भोकं आणि पांढऱ्या शाईतली अक्षरं : यू१, यू२, सी७, आर१२. चिप एकही नाही. भोकांत काय बसवायचं, ते कुठून आणायचं, डाग कसे द्यायचे आणि चाललं नाही तर कुणाला विचारायचं, हे ज्याचं त्याने बघायचं. तरीही अशा रिकाम्या बोर्डासाठी अमेरिकेत, ब्रिटनमध्ये, जर्मनीत, ऑस्ट्रेलियात माणसं महिनोन्महिने थांबतात. ज्या संगणकात तो बसायचा, तो चाळीस-पन्नास वर्षांचा म्हातारा. त्याच्यासाठी असा बोर्ड दुकानात मिळत नाही, कारण तो हवा असणारी माणसं साऱ्या जगात मिळून पन्नास नाही तर शंभर. एवढ्यांसाठी कोण दुकान मांडणार?

म्हणून ही मंडळी आपसांत ठरवून बोर्ड बनवून घेतात. एक जण आराखडा करतो, एक जण यादी धरतो, बाकीचे पैसे पाठवतात. कारखान्याकडे ऑर्डर जाते, माल आला की घरोघरी पाकिटं रवाना होतात. या व्यवहारात कुणी श्रीमंत झाल्याचं ऐकिवात नाही. जुन्या संगणकांच्या जतनाचा विषय निघाला की लोक संग्रहालयांची नावं घेतात, आणि संग्रहालयं आपलं काम करतातच. पण काचेमागे ठेवलेला संगणक आणि टेबलावर खरोखर चालणारा संगणक यांत जे अंतर आहे, ते बरंचसं या यादी धरणाऱ्या माणसाने भरून काढलंय. आराखडा करणाऱ्याचं कौतुक होतं, त्याचं नाव बोर्डावर छापलं जातं. यादीवाल्याचं नाव पाकिटाच्या डाव्या कोपऱ्यात, ‘प्रेषक’ म्हणून.

मुळात इतकी माणसं जमवावी का लागतात, हे कारखान्यात कळतं. बोर्ड एक करा की शंभर, पूर्वतयारी तेवढीच. भोकांची यादी संगणकावर चालणाऱ्या ड्रिलला भरवायची, भोकांच्या आतल्या भिंतींवर तांब्याचा मुलामा चढवायचा, आराखड्याची फिल्म पत्र्यावर उतरवायची, नको असलेलं तांबं रसायनात विरघळवायचं. मग वर हिरवा लेप, उघड्या तांब्यावर कल्हई, अक्षरांची छपाई आणि शेवटी कापणी. समजा, या तयारीचे २०० डॉलर आणि प्रत्येक नगाचे ५ डॉलर असा हिशेब आहे. एकट्याने बोर्ड केला तर तो २०५ डॉलरला पडतो, चाळीस जणांनी मिळून केला तर दहाला. पंचवीस वर्षांपूर्वी दर याच घाटाचे होते, आणि एकट्या हौशी माणसाला कारखाने दारातही उभं करत नसत.

आपल्याकडे मार्च-एप्रिलात सोसायटीतलं कुणीतरी देवगडच्या बागायतदाराशी थेट बोलून हापूसच्या पेट्या मागवतं. नावं लिहून घेतं, पैसे गोळा करतं, रात्री टेम्पो आला की जिन्यात उभं राहून पेट्या वाटतं, आणि एखाद्या पेटीत डागी फळं निघाली की बोलणीही तेच खातं. बोर्डांचा व्यवहार याच जातीचा. फक्त इथे शेजारी टोरांटोला किंवा स्टुटगार्टला राहतो आणि त्याचं तोंड कधी पाहिलेलं नसतं.

गंमत अशी, की आजची अवाढव्य ॲपल कंपनी ज्या प्रसंगातून निघाली, तोही अशाच बोर्डांच्या ऑर्डरीचा होता. १९७५च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क इथे एका गॅरेजात होमब्रू कॉम्प्युटर क्लबची पहिली बैठक भरली. स्टीव्ह वोझ्नियाक तिथे जाणाऱ्यांपैकी. ६५०२ या स्वस्त प्रोसेसरभोवती त्याने एक संगणक रचला आणि आराखड्याच्या प्रती क्लबात फुकट वाटल्या. प्रती सगळ्यांनी घेतल्या, पण तारा जोडत बसायला सवड कुणाला? स्टीव्ह जॉब्जने नेमकं तेच हेरलं. नुसते छापील बोर्ड करून घेऊ, वीस डॉलरला एक पडेल, चाळीसला विकू, असा त्याचा प्रस्ताव होता. वोझ्नियाकचा जीव पन्नासच्या आकड्यावर अडकला होता. सुरुवातीला घातलेले हजार डॉलर सुटायला पन्नास गिऱ्हाइकं हवीत, आणि क्लबात तेवढी निघतील याची त्याला खात्री नव्हती. यादीवाल्याची चिंता आजही हीच आहे, नेमकी याच आकड्यापाशी. जॉब्जने आपली फोक्सवॅगन व्हॅन विकली, वोझ्नियाकने एचपी-६५ हा महागडा कॅल्क्युलेटर. अटारी कंपनीत काम करणाऱ्या हॉवर्ड कॅन्टिनने बोर्डाची मांडणी करून दिली.

पुढे बाइट शॉप या दुकानाचा मालक पॉल टेरेल आडवा आला. त्याने सांगितलं, मला रिकामे बोर्ड नकोत, पूर्ण जोडलेले पन्नास द्या, प्रत्येकी ५०० डॉलर देतो. तिथून रस्ता बदलला. ॲपल-१ या नावाने ते साधारण २०० झाले, दुकानातली किंमत ६६६.६६ डॉलर. त्यांतला एक २०१४ साली बॉनहॅम्सच्या लिलावात ९ लाख ५ हजार डॉलरला गेला. आता ॲपल-१ची हुबेहूब नक्कल करणारे बोर्डही हौशी लोक काढतात. त्यांतले जबाबदार लोक बोर्डावर स्वतःची वेगळी खूण छापतात, पुढेमागे कुणी तो अस्सल म्हणून खपवू नये म्हणून. टेरेलची ऑर्डर येण्याआधीचे दोन स्टीव्ह आणि आजचा यादीवाला एकाच जागी उभे आहेत. यादीवाल्याकडे टेरेल येत नाही, आणि बहुतेकदा त्याला तो नकोच असतो.

या छंदाची मुळं आणखी एका यंत्रात आहेत. न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्क इथल्या एमआयटीएस या छोट्या कंपनीचा अल्टेअर ८८०० जानेवारी १९७५च्या ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’च्या मुखपृष्ठावर झळकला. पेटीत समांतर खाचा, आणि खाचेत एकेक बोर्ड खोचायचा. खाचेला टोकं शंभर. शंभरच का, याचं उत्तर साधं आहे : तसे कनेक्टर कंपनीला स्वस्तात मिळाले होते. त्या योगायोगाचं नाव पुढे एस-१०० पडलं, दुसऱ्या कंपन्यांनी तेच उचललं, आणि १९८३ साली आयईईई ६९६ या क्रमांकाने त्याला रीतसर मानकाची मान्यताही मिळाली.

एस-१०० आजवर टिकण्यामागे एक बारीकशी रचना आहे. खाचेतून बोर्डाला मिळते ती आठ व्होल्टची कच्ची वीज. तिचे नीट पाच व्होल्ट करण्याचं काम प्रत्येक बोर्ड स्वतःपुरतं करतो. वरच्या कोपऱ्यात ७८०५ हा तीन पायांचा रेग्युलेटर आणि त्याच्या पाठीला उष्णता बाहेर टाकणारी ॲल्युमिनियमची काळी पंखेरी हे एस-१०० बोर्डाचं ओळखीचं रूप. विजेची ही जबाबदारी अशी वाटून दिल्याने बोर्ड करणाऱ्याला मूळ यंत्राच्या पॉवर सप्लायची फारशी पर्वा करावी लागत नाही. म्हणून एस-१००साठी आजही नवे बोर्ड निघतात, त्या काळी कुणी कल्पना केली नसेल असे प्रोसेसर त्यांवर बसतात, आणि ते १९७० च्या दशकातल्या पेटीत चालतात. तोट्याची बाजू आकाराची. बोर्ड दहा इंच लांब आणि सव्वापाच इंचांहून थोडा उंच, खालच्या कडेला सोन्याचा मुलामा दिलेली पन्नास-पन्नास बोटं. हा आकार पुढे किती छळतो ते येईलच.

२००६च्या सुमारास अमेरिकेत एन८व्हीईएम नावाचा उपक्रम सुरू झाला. झेड८० प्रोसेसर, सीपी/एम ही एमएस-डॉसच्या आधीची कार्यप्रणाली आणि १०० बाय १६० मिलिमीटरचा युरोकार्ड बोर्ड असं त्याचं स्वरूप. घरी बसून, आपल्या हाताने डाग देऊन, नव्या भागांतून जुन्या धाटणीचा संगणक उभा करायचा. त्या मंडळाने बोर्डांमागून बोर्ड काढले, आणि एकत्र ऑर्डरीची एक शिस्त घालून दिली. आधी दोन-चार नमुने, ते वेगवेगळ्या माणसांनी जोडून तपासायचे, मग चुकांची यादी, दुरुस्त आराखडा, त्यानंतरच मोठी ऑर्डर. ऐकायला सोपं आहे. पण तपासणाऱ्या स्वयंसेवकाच्या घरी बाळंतपण निघतं, दुसऱ्याची बदली होते, तिसरा बोर्ड जोडतो पण कळवायचं विसरतो. वर्ष जातं.

एका बोर्डाची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण ती मला या सगळ्या प्रकारातली सर्वांत सुंदर वाटते. १९८३ साली आयबीएमने पीसी एक्सटी आणला, त्यात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क. त्या डिस्का आता एकामागून एक मरताहेत. बदली मिळत नाही, मिळाली तरी तीही त्याच वयाची. वास्तविक कॅमेऱ्यात घालायचं कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड आयडीई या नंतरच्या पद्धतीच्या डिस्कसारखंच बोलतं, म्हणजे त्याचीच डिस्क करता आली असती. अडचण अशी, की एक्सटीच्या खाचेतून एका वेळी आठ बिट जातात आणि आयडीईला सोळा लागतात. २००८च्या आसपास जुन्या पीसींच्या हौशी मंडळींनी मिळून यावर एक्सटी-आयडीई नावाचं कार्ड रचलं. सोळांतले वरचे आठ बिट एका लॅच चिपमध्ये थोपवून धरायचे, खालचे आठ थेट द्यायचे. संगणकाने दोन हप्त्यांत दोन्ही उचलायचे. कार्डावरची आठ किलोबाइटची मेमरी चिप संगणकाला ही नवी डिस्क ओळखायला शिकवते.

पहिल्या कार्डात खालचे आठ बिट एका पत्त्यावर होते आणि वरचे आठ त्यापासून आठ घरं पुढे. प्रोसेसरला एकदा इकडे, एकदा तिकडे असं हेलपाटत जावं लागे, आणि ४.७७ मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरला प्रत्येक हेलपाटा जाणवतो. बोर्ड छापून झाले, वाटून झाले, आणि मग मंडळातल्या एका जुन्या जाणकाराच्या लक्षात आलं, की ए० आणि ए३ या पत्त्याच्या दोन वाहिन्यांची अदलाबदल केली तर दोन्ही बाइट लगतच्या घरांत येतात. एक्सटीच्या ८०८८ प्रोसेसरला ‘सोळा बिट वाच’ असा हुकूम दिला की तो आपण होऊन लगतची दोन घरं वाचतो. दोन हुकमांचं काम एकात. त्यासाठी करायचं काय? धारदार पात्याने बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा तोडायच्या आणि दोन बारीक तारा आडव्या डागायच्या. लोकांनी ते केलं. नव्या छपाईत ती अदलाबदल आराखड्यातच आली. पण पहिल्या छपाईचं, पाठीवर दोन तारा मिरवणारं कार्ड बाळगणारे अजून आहेत, आणि ते नवं कार्ड घेत नाहीत.

कंपनीने हा माल विकला असता तर असा शोध लागल्यावर एक तर लपवला असता, नाही तर नवं मॉडेल म्हणून पुन्हा विकला असता. इथे तो त्याच दिवशी सगळ्यांचा झाला. ऑर्डर एकत्र असल्याने पन्नास माणसांकडे तंतोतंत एकच बोर्ड असतो, आणि एकाला सापडलेली खोट पन्नासांच्या कामी येते. मला वाटतं, पैशांच्या बचतीहून हा फायदा मोठा.

आता यादीवाल्याकडे वळू. ‘कुणाकुणाला हवाय?’ असं विचारलं की हात भराभर वर होतात. ‘आता पैसे पाठवा’ म्हटलं की त्यांतले बरेच खाली येतात. त्यामुळे मुरलेला यादीवाला पहिल्या यादीवर कधीच ऑर्डर देत नाही. पैसे आधी घ्यावेत की माल आल्यावर, यावर दोन तट आहेत. आधी घेतले तर दुसऱ्याचा पैसा सांभाळण्याची जोखीम. कारखान्याने उशीर केला की संशयाचे निरोप सुरू होतात, आणि पैसे घेऊन गप्प झालेल्या माणसांचे कटू अनुभव या छंदात आलेलेही आहेत. माल आल्यावर घ्यायचे तर आपल्या खिशातले काहीशे डॉलर अडकतात, आणि उरलेले दहा-बारा बोर्ड कपाटात वर्षानुवर्षं पडून राहतात. बहुतेक जुने लोक दुसरा मार्ग धरतात. कारण विचारलं तर उत्तर मिळतं ते झोपेचं : उधारीवर झोप लागते, दुसऱ्याच्या ठेवीवर लागत नाही.

मग कडेच्या सोन्याचा वाद. खाचेत खोचायच्या बोटांवर निकेल आणि त्यावर विजेच्या साहाय्याने चढवलेलं कठीण सोनं हवं, शिवाय कड तिरकी घासलेली हवी. हे महाग पडतं. त्याऐवजी सगळ्या बोर्डावर रसायनातून चढणारं पातळ, मऊ सोनं स्वस्तात होतं. नुसती कल्हई सर्वांत स्वस्त, पण ती उंचसखल बसते आणि चाळीस वर्षांच्या खाचेतल्या स्प्रिंगांना ओरबाडते. काटकसरीवाले म्हणतात, वर्षातून दोनदा बोर्ड काढणार, मऊ सोनं पुष्कळ झालं. शुद्धतावादी म्हणतात, मूळ यंत्राची खाच पुन्हा मिळायची नाही. मी शुद्धतावाद्यांच्या बाजूचा. बोर्ड दुसरा छापता येतो, खाच नाही.

यानंतर टपाल. बोर्डापेक्षा पाकीट महाग पडण्याचे दिवस केव्हाच आलेत. अमेरिकेबाहेर जाणाऱ्या टपालाचे दर २०१३ साली एकदम चढले, पुढेही चढत राहिले. त्यावर तोडगा असा निघाला, की युरोपातल्या सगळ्यांचे बोर्ड एकाच खोक्यात घालून जर्मनीतल्या किंवा हॉलंडमधल्या एका सभासदाकडे धाडायचे आणि पुढची वाटणी त्याने करायची. म्हणजे यादीवाल्याखाली उपयादीवाला आला.

दरम्यान कारखान्यांचं जग पार बदललं. ओरेगनमधल्या पोर्टलंड शहरात हौशी मंडळींच्या एका गटाने अशीच एकत्र ऑर्डर सुरू केली होती. वेगवेगळ्या लोकांचे छोटे आराखडे एका मोठ्या पत्र्यावर शेजारी शेजारी बसवायचे आणि खर्च वाटून घ्यायचा. वाढता वाढता त्यातूनच ओएसएच पार्क हा व्यवसाय उभा राहिला. त्यांचे बोर्ड जांभळे, आणि नग नेहमी तीनच्या पटीत. मग चीनमधल्या शेन्झेनच्या कारखान्यांनी हीच युक्ती अजस्र प्रमाणावर केली. १०० बाय १०० मिलिमीटरच्या आतला दोन पदरी बोर्ड, पाच नग, दोन डॉलर, टपाल वेगळं. आराखडा काढायला कीकॅड हे मोफत सॉफ्टवेअर आहेच. ते १९९२ साली फ्रान्समध्ये जन्मलं, नंतर सर्न या अणुसंशोधन संस्थेनेही त्याला हात दिला.

दोन डॉलरचा हा दर आल्यावर यादीवाल्याची गरज संपली, असं वाटावं. बऱ्याच अंशी संपलीही. हल्लीचे छोटे हौशी संगणक मुद्दाम १०० मिलिमीटरच्या चौकटीत बसतील असे कापून रचलेले असतात. आराखडा करणाऱ्याच्या डोक्यात प्रोसेसरच्या आधी ही चौकट येते. पण एस-१००चा बोर्ड २५४ मिलिमीटर लांब, तो या सवलतीत बसत नाही, वर सोन्याची बोटं. जुन्या यंत्राचा मदरबोर्ड, कीबोर्डची पाटी, दहा खाचांचा बॅकप्लेन, सगळे चौकटीबाहेरचे. आणि जे बसतात त्यांतही पाच नग येतात, हवा असतो एक. उरलेले चार कुणाला द्यायचे? म्हणजे प्रत्येक जण नाइलाजाने छोटा यादीवाला झाला. तांबं स्वस्त झालं, कारखाना दारात आला, आणि उरली ती एकच टंचाई : दुसऱ्याचा हिशेब ठेवायला राजी असलेला माणूस.

भागांचं दुखणं तर वाढतंच आहे. एप्रिल २०२४मध्ये झिलॉगने जाहीर केलं, की झेड८०च्या शेवटच्या ऑर्डरी जूनच्या मध्यापर्यंतच घेतल्या जातील. फेडेरिको फॅजिन आणि सहकाऱ्यांची ही चिप १९७६पासून विकली जात होती. अठ्ठेचाळीस वर्षं! जुने साठे अजून आहेत, पण जुन्या चिपेवरची अक्षरं घासून वर नवा क्रमांक छापण्याचा उद्योग चीनच्या बाजारात जोरात चालतो. म्हणून आता बोर्डांसोबत तपासलेल्या चिपाही यादीतून मागवल्या जातात. शंभर आल्या, तपासल्या, वीस फेकल्या, हे काम पुन्हा त्याच माणसाच्या टेबलावर.

आपल्याकडे या सगळ्याचं काय, असा प्रश्न मराठी वाचकाला पडणारच. आपल्याकडची यंत्रंही त्या पिढीतली आहेत. १९८४ साली शाळांसाठी ‘क्लास’ नावाचा संगणक-साक्षरता प्रकल्प निघाला, त्यासाठी ब्रिटनचा बीबीसी मायक्रो निवडला गेला. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने सिंक्लेअर स्पेक्ट्रम परवान्याने भारतात आणला. इंजिनिअरिंग कॉलेजांत ८०८५ची प्रशिक्षण किट्स वर्षानुवर्षं राबली; षोडशमान आकड्यांची बटणं आणि लाल दिव्यांचे सहा आकडे एवढाच त्यांचा चेहरा. यांतली बहुतेक यंत्रं डेडस्टॉक रजिस्टरातून निर्लेखित होऊन भंगारात गेली. सरकारी नियमात ‘जुनं पण चालू’ असा रकानाच नाही.

हात मात्र तयार होते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत तांब्याचा पत्रा आणि फेरिक क्लोराइड घ्यायचं, रंगाने रेघा काढायच्या, प्लॅस्टिकच्या घमेल्यात पत्रा हिंदकळत बसायचं, हे त्या पिढीतल्या कितीतरी विद्यार्थ्यांनी केलंय. फेरिक क्लोराइडचे तपकिरी डाग कुठल्याच साबणाने जात नाहीत, हे त्यांच्या आयांना पक्कं ठाऊक आहे. पण भोकांच्या आत तांबं चढवणं घरी जमत नाही, त्यामुळे दोन अंगांचा दाट बोर्ड घमेल्यात होत नाही. तिथे कारखानाच लागतो.

पुण्यातल्या एका निवृत्त इंजिनिअरांकडे मी असे बोर्ड पहिल्यांदा पाहिले. जुन्या बिस्किटांच्या डब्यांत, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. “कुरियरने मागवलं तर आधार द्या, पॅन द्या, त्यावर ड्युटी, त्यावर हाताळणीचे पैसे,” ते म्हणाले. “बोर्ड आठ डॉलरचा, सोडवणूक त्याहून महाग. म्हणून मुलाच्या पत्त्यावर मागवतो. तो न्यू जर्सीला असतो. दिवाळीत आला की बॅगेतून आणतो.” भेट म्हणून पाठवा म्हटलं तर तीही वाट २०१९च्या डिसेंबरात बंद झाली. परदेशातून येणाऱ्या भेटींवरची शुल्कमाफी सरकारने काढली, राखी आणि जीवरक्षक औषधं तेवढी वगळून. चहा घेऊन आलेल्या काकूंनी डब्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “माहेरी आलेल्या मुलीसारखं करतात त्या पाट्यांचं. घरात दिवा लावायला सांगा, वेळ नसतो.”

फायली उघड कराव्यात की नाही, हा या छंदातला सध्याचा कडू वाद. बोर्डाच्या फायली सगळ्यांना दिल्या की कुणीतरी त्या उचलून कारखान्यात देतं आणि तिप्पट भावाने विकतं, मूळ माणसाचं नाव पुसून. म्हणून काही जण फायली देत नाहीत, काही ‘व्यापारी वापर नको’ अशी अट घालतात. मनस्ताप मला कळतो. फुकट राबलेल्या माणसाच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याने गल्ला भरावा, हे पचत नाही. पण या छंदातली माणसं आता वयस्कर आहेत. एखाद्याचं निधन होतं, घरचे त्याचा संगणक विकून टाकतात, आणि त्याच्या कुलूपबंद फायलींबरोबर तो बोर्डही जातो. एक्सटी-आयडीईचं कार्ड अनेक हातांतून पुन्हा पुन्हा निघत राहिलं, कारण त्याचा आराखडा आणि प्रोग्राम दोन्ही उघडे होते. भामट्याने चार पैसे मिळवले तर मिळवू देत, माझं मत उघड्या फायलींच्याच बाजूने.

पुण्यातल्या त्या इंजिनिअरांनीही फायली उघड्याच ठेवल्यात. गेल्या वर्षीपासून ते स्वतःच एक यादी धरून बसलेत : कॉलेजातल्या ८०८५च्या किटसारखा बोर्ड, तीच बटणं, तेच लाल आकडे. बोर्ड मोठा, शेन्झेनच्या चौकटीत न बसणारा. गुजरातेतल्या एका कारखान्याने दर दिलाय, पंचवीस नग असतील तर परवडतो. नावं आलीत नागपूरहून, कोल्हापूरहून, मडगावहून, एक मस्कतहूनही. पंचवीसचा आकडा केव्हाच ओलांडलाय. मी विचारलं, मग ऑर्डर का दिली नाही?

“अहो, पैसे मागायचे राहिलेत,” ते म्हणाले. “निम्मे माझे विद्यार्थी. कसं मागू?”

काकू आतून म्हणाल्या, “मी मागते. नंबर द्या.”